सत्तर हजारांची घोडी आणि कोकणातले चार महिने

(पशुपालनविषयक प्रश्नोत्तरे. उत्तरे देणारे पशुवैद्यक शासकीय सेवेतून निवृत्त झाले असून त्यांची बहुतेक नोकरी रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत झाली आहे.)

प्रश्न : दापोली तालुक्यात किनाऱ्यालगत आमचे घर असून पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. माझी अकरा वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून घोड्याचा हट्ट धरून बसली आहे. ओळखीचा एक टांगेवाला आपली सात वर्षांची घोडी खोगिरासह ७०,००० रुपयांना द्यायला तयार आहे. आजोबांच्या वेळचा गोठा रिकामा आहे, घरचे भात असल्यामुळे पेंढा भरपूर आहे आणि हंगामात पर्यटकांना किनाऱ्यावर फेऱ्या मारून घोडी आपला खर्च आपणच काढील, असा माझा अंदाज आहे. सौभाग्यवतींना हे पटत नाही. आपले मत कळवावे.

– एक वाचक, ता. दापोली

उत्तर : आपल्या पत्रात चार गोष्टी जमेच्या बाजूला मांडल्या आहेत : गोठा, पेंढा, हंगाम आणि सत्तर हजार रुपये. यांपैकी पेंढा मी आधी वजा करतो, कारण त्याच्यावरच आपला बराचसा हिशेब उभा आहे. गाय रवंथ करते आणि भाताच्या पेंढ्यासारख्या निकस वैरणीतूनही चार पोटांच्या आधाराने काही ना काही काढून घेते. घोड्याचे पोट एकच आणि शरीराच्या मानाने लहान असते, चाऱ्याचे खरे पचन पुढे मोठ्या आतड्यात होते, आणि त्याला उलटी करता येत नसल्याने खाल्लेले एकदा अडले की परतीची वाट नसते. पेंढ्यात वाळूसारखा सिलिकाचा अंश जास्त आणि पोषण कमी असते. तो तोंडी लावण्यापुरता चालेल. पण तोच मुख्य आहार झाला आणि त्यात पाणी कमी पडले, तर आतड्यात बोळा बसून पोटशूळ उठतो. तेव्हा दारची उडवी कितीही मोठी असली तरी घोडीसाठी चांगले वाळलेले गवत आपल्याला विकतच घ्यावे लागेल.

आता आकडे पाहू. आपल्याकडच्या टांग्याच्या घोडीचे वजन साधारण ३५० किलो धरू. तिला रोज वजनाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे ७ किलो सुकी वैरण लागते. वर्षाची अडीच टन झाली. काम करणाऱ्या घोडीला यावर रोज सुमारे २ किलो खुराक, म्हणजे हरभरा, जव, गव्हाचा कोंडा असे मिश्रण, वर्षाला ७३० किलो लागेल. गवत १० रुपये आणि खुराक ३० रुपये किलो धरला, तर दोन्ही मिळून ४७,००० रुपयांच्या वर जातात. नालबंद दर सहा आठवड्यांनी, म्हणजे वर्षातून आठ-नऊ वेळा हवा. आपल्या भागात तो बहुधा घाटावरून बोलवावा लागेल, तेव्हा प्रवासखर्चासह ६,००० तरी धरा. धनुर्वात आणि रेबीजच्या लसी, जंतांची औषधे, वर्षातून एकदा दातांची टोके कानशीने घासणे, यांसाठी ८,०००. मीठ, दोर, बिछायतीचा भुसा, खोगीर-तंगाची दुरुस्ती यांसाठी आणखी ८,०००. दर मी हिशेबाच्या सोयीसाठी धरले आहेत, तेथे आपल्या गावचे घाला. माझ्या हिशेबाने बेरीज ७०,००० रुपयांच्या आसपास येते. याचा अर्थ असा की, घोडी फार आजारी न पडता दरवर्षी स्वतःच्या किमतीइतके खाते, आणि नीट ठेवलेले घोडे पंचवीस वर्षे सहज जगत असल्याने हे पुढची अठरा वर्षे चालते. आपली कन्या तेव्हा एकोणतीस वर्षांची असेल आणि बहुधा दापोलीत नसेल.

या बेरजेत माणूस धरलेला नाही. खरारा, लीद काढणे, दिवसातून तीन-चार वेळा थोडी थोडी वैरण, २५ ते ४० लिटर पाणी आणि निदान दोन तास मोकळे फिरवणे हे रोजचे काम आहे. त्याला गणपतीची सुट्टी नाही. मोतद्दार ठेवला तर त्याचा पगार वरच्या सगळ्या खर्चापेक्षा मोठा होतो; न ठेवला तर ते काम, माझ्या अनुभवाने सांगतो, पत्रात ज्यांना ‘हे पटत नाही’ त्यांच्याच अंगावर येते.

पाण्याचेही लक्षात घ्या. कोकणात पाऊस धो धो पडतो आणि मे महिन्यात विहिरी तळ दाखवतात. ज्या दिवसांत आपल्या खोल्या भरलेल्या असतात, त्याच दिवसांत घोडीला सर्वांत जास्त पाणी लागते, कारण दमट हवेत घाम वाळत नाही, अंग निवत नाही आणि घामावाटे मीठ भराभर जाते.

आता पावसाळ्याविषयी सविस्तर लिहितो, कारण घोडे घेणाऱ्याला कोकणात अडचण येते ती येथेच. मृगापासून हस्तापर्यंत आपल्याकडे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. गोठ्याच्या जांभ्याच्या भिंती पाणी धरून ठेवतात, पागोळ्यांची झडप आत येते, जमीन वाळत नाही आणि मुताच्या वासाने डोळे चुरचुरतात. अशा जागी दोन आठवडे उभ्या असलेल्या घोडीचा पाय उचलून पाहा. खुराच्या तळाशी रबरासारखा त्रिकोणी मऊ भाग असतो. त्याच्या खाचेतून आकडीने घाण काढू लागलात की काळा लिबलिबीत थर येतो आणि असा वास सुटतो की, एकदा घेतलेला विसरता येत नाही. ही खुराची कूज. वेळीच हात फिरवला तर ती आठवड्याभरात आटोक्यात येते, दुर्लक्ष झाले तर घोडी लंगडते. पाठीवर सतत पाणी पडले तर खपल्या धरतात आणि केसांचे पुंजके खपलीसकट हातात येतात. ती कातडी भरून येईपर्यंत पाठीवर खोगीर ठेवता येत नाही. त्यामुळे गोठ्याची जमीन चार-सहा इंच उंच करणे, उतार काढणे, दोन बाजूंनी वारा खेळता ठेवणे आणि वाऱ्याच्या अंगाला पडवी काढणे हा खर्च पहिल्याच वर्षी करावा लागेल.

शिवाय पाच महिन्यांचे गवत, म्हणजे टनाहून अधिक, रोहिणी संपायच्या आत घरात कोरडे आणून माळ्यावर रचले पाहिजे. श्रावणात बुरशी आलेले गवत बैल खाईल, घोड्याला ते द्यायचे नाही. बुरशीचा मका तर मुळीच नाही, त्याने घोड्याचा मेंदू बाधतो आणि औषध चालत नाही. गाईच्या किंवा कोंबड्यांच्या खाद्याचे पोते घोडीपुढे ओतायचा मोह मी अनेकांना झालेला पाहिला आहे. अशा काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचा घटक असतो. तो गाईगुरांना मानवतो आणि घोड्याच्या हृदयाला मारक ठरतो. पाऊस ओसरला की रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवींचा रोग, होण्याचे दिवस येतात. घोडी अधूनमधून तापली, खात असूनही खंगली आणि पायांवर सूज दिसली, तर ‘पावसाने अशक्त झाली’ असे म्हणून थांबू नये, रक्त तपासावे.

किनाऱ्यावरच्या फेऱ्यांविषयी. अलिबागला असताना ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्याकडे जाणाऱ्या टांग्यांचे घोडे मी वर्षानुवर्षे पाहिले. ओल्या, घट्ट पुळणीवर घोडा चांगला चालतो. कोरड्या भुसभुशीत वाळूत त्याच्या पायाच्या शिरा ताणल्या जातात. मात्र वाळूचा खरा धोका पोटात असतो. एकदा एका किनाऱ्यावरचा घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, सारखा कुशीकडे वळून बघतो आणि लोळतो, म्हणून मला बोलावले. पहिल्या खेपेला मी गॅसचा पोटशूळ समजून औषध देऊन परतलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणे आले, तेव्हा कोठे मला सुचले आणि मी लिदीचे चार गोळे पाण्याने भरलेल्या लांब हातमोज्यात कालवून मोजा खुंटीला टांगला. पंधरा मिनिटांत मोज्याच्या बोटांत वाळू उतरली, दोन बोटे भरून. मालक गवत तिथेच पुळणीवर टाकत होता. इसबगोल आणि भरपूर पाणी देऊन तो घोडा वाचला, सगळे वाचत नाहीत. चारा नेहमी गव्हाणीत किंवा तोबऱ्यात द्यावा, आणि पोटशूळ उठला तर पशुवैद्यक येईपर्यंत तोंडात काहीही घालू नये. आमच्यापैकी बहुतेकांचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो. शस्त्रक्रियेपर्यंत वेळ आली तर परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्यापासून दोनशे किलोमीटरहून दूर आहे, आणि लोळणारी घोडी टेम्पोत चढवून घाटरस्त्याने नेणे म्हणजे काय, हे मी लिहीत बसत नाही.

कमाईचे गणितही तपासा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक ओझे त्याच्यावर घालू नये, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. ३५० किलोच्या घोडीला ते ७० किलो होतात. म्हणजे पुण्या-मुंबईहून येणाऱ्या धडधाकट बाप्यांना आपल्याला नाही म्हणावे लागेल, फक्त मुलेच बसवता येतील. टांगा जोडायचा विचार असेल तर ओढकामाच्या जनावरांवरील क्रूरता रोखण्यासाठी केलेल्या १९६५ च्या नियमांनुसार जनावराला दिवसात नऊ तासांहून अधिक, सलग पाच तासांहून अधिक किंवा पारा ३७ अंशांवर असताना दुपारी १२ ते ३ जुंपता येत नाही; चालक आणि सहा वर्षांखालील मुले सोडून चारच माणसे बसवता येतात; काटेरी लगाम तर बेकायदाच आहे. मुंबईतल्या ‘व्हिक्टोरिया’ घोडागाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या, हेही ध्यानात असू द्यावे. फेऱ्यांसाठी लागणाऱ्या परवानग्या आधी ग्रामपंचायतीत विचारा. दिवाळी, नाताळ, मे महिना आणि शनिवार-रविवार एवढाच आपला हंगाम, खाणारे तोंड मात्र बारमाही. घोडी आपला खर्च आपण काढील असे मला वाटत नाही. आणि ती काढत नाही असे दिसले की, माणूस तिच्या फेऱ्या वाढवतो.

तरीही घ्यायचीच झाली, तर दोन गोष्टी पैसे देण्यापूर्वी करा. तिचे तोंड पशुवैद्यकाला दाखवा. वरच्या जबड्यातल्या पुढच्या दातांपैकी अगदी कोपऱ्यातल्या दाताच्या बाहेरच्या अंगावर, हिरडीजवळ, दहाव्या वर्षाच्या सुमारास एक उभी खाच दिसू लागते. ती स्पष्ट दिसत असेल, तर सात वर्षांची गोष्ट टांगेवाल्याने आपल्याला ऐकवली आहे. दुसरे, ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्त तपासून घ्या. हे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात. हा रोग माणसालाही होतो, तो कळवणे २००९ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि लागण झालेले जनावर ठेवता येत नाही.

माझा सल्ला विचाराल, तर यंदा घोडी घेऊ नका. ती टांगेवाल्याकडेच राहू द्या, ज्येष्ठ ते भाद्रपद तिच्या वैरणीचा अर्धा खर्च आपण द्या आणि त्या बदल्यात आपण व कन्येने रोज पहाटे जाऊन तिचे खूर साफ करावेत, खरारा करावा, लीद काढावी. टांगेवाला आनंदाने कबूल होईल, कारण पावसाळ्यात त्याचेही उत्पन्न बंद असते. नवरात्रात मुलीचा हट्ट टिकून असेल, तर मला पुन्हा पत्र लिहा. तेव्हा सोबतीला एखादी शेळी ठेवण्याविषयीही बोलू, कारण घोडे एकटे राहिले की झुरते.

प्रश्न : आमच्या गावात हंगाम संपला की एक गृहस्थ आपला घोडा मोकाट सोडतात. तो रस्त्याच्या कडेला आणि उकिरड्यावर खातो. आम्ही त्याला उरलेला भात-पोळी घालतो. जबाबदारी कोणाची? – एक वाचक भगिनी, ता. वेंगुर्ला

उत्तर : मालकाचीच. जनावराची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. दंड मात्र पहिल्या वेळी १० ते ५० रुपये, म्हणजे घोड्याच्या एका दिवसाच्या वैरणीहूनही कमी. त्यामुळे केवळ कायद्याच्या धाकाने मालक वठणीवर येईल असे समजू नका. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि एक प्रत पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला द्या. अर्जात ‘रात्री रस्त्यावर उभा असल्याने वाहनांना धोका आहे’ हे वाक्य अवश्य असावे, ते लवकर वाचले जाते. शिळा भात आणि पोळ्या कृपया घालू नका. एकदम पोटात गेलेल्या पिष्टामुळे घोड्याच्या पोटात आंबण होते आणि ते खुरांपर्यंत पोचून पायांत असह्य वेदना सुरू होतात. कापलेले गवत आणि बादलीभर स्वच्छ पाणी ठेवा.

प्रश्न : शेजारच्या घोड्याची लीद फुकट मिळते. माडाला घालावी का? – एक बागायतदार, ता. मुरूड

उत्तर : अवश्य, पण ताजी नको, ती तापते. तीन-चार महिने कुजवून मग आळ्यात घाला. लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात, म्हणून अनवाणी पायांनी आणि उघड्या जखमेने ती हाताळू नये, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन गड्याने आणि आपणही घेतलेले असावे.