सगळ्यात निःपक्षपाती चॅनल कुठलं?

प्रश्न: एकाच हल्ल्याची बातमी तीन चॅनलवर बघितली तर तीन वेगवेगळी युद्धं चालू आहेत असं वाटतं. युद्धाच्या बातम्यांसाठी एकच निःपक्षपाती चॅनल सांगा ना, बाकीची बंद करून टाकतो.

उत्तर: तसं चॅनल नाहीये हो, आणि कोणी छातीठोकपणे एखादं नाव सांगितलंच तर त्या चॅनलकडे जरा जास्तच संशयानं बघा. पक्षपात म्हणजे खोटं बोलणं असं आपण धरून चालतो, पण धडधडीत खोट्यापेक्षा पत्रकाराला कुठे उभं राहू दिलंय यानेच बराच फरक पडतो. २००३ ला इराकवर हल्ला झाला तेव्हा अमेरिकन लष्कराने शेकडो पत्रकार आपल्या तुकड्यांसोबत नेले, एम्बेडेड म्हणायचे त्यांना, आता ज्या सैनिकांच्या भरवशावर तुमचा जीव आहे, ज्यांच्यासोबत खाणं-झोपणं आहे, त्यांच्याच बाजूने युद्ध दिसणार ना, त्यासाठी पत्रकार विकला जायची काही गरज नाही. ९ एप्रिलला बगदादच्या फिरदौस चौकात सद्दामचा पुतळा पाडला, टीव्हीवर जवळून घेतलेल्या शॉटमध्ये अख्खं शहर लोटलंय असं वाटत होतं, आणि लांबून काढलेल्या फोटोत चौक बराचसा रिकामा. फोटो दोन्ही खरेच!

गाझाची अडचण वेगळी. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर इस्रायलने परदेशी पत्रकारांना स्वतंत्रपणे आत जाणं बंद केलं, लष्करासोबतच्या ठरवलेल्या फेऱ्या तेवढ्या. म्हणजे आतलं बहुतेक सगळं तिथल्याच पॅलेस्टिनी पत्रकारांच्या जिवावर आलं, त्यातले कितीतरी मारले गेले. अशा वेळी बाहेरचा एडिटर दोन्हीकडच्या दाव्यांवर हेडलाइन करतो. १७ ऑक्टोबरला अल-अहली हॉस्पिटलमध्ये स्फोट झाला तेव्हा आधी सगळीकडे हमासच्या ताब्यातल्या आरोग्य खात्याचा दावा झळकला की हल्ला इस्रायलचा, नंतर इस्रायल म्हणालं की इस्लामिक जिहाद या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेचं भरकटलेलं रॉकेट होतं. आठवड्याच्या आतच न्यूयॉर्क टाइम्सला छापावं लागलं की सुरुवातीला आम्ही हमासच्या दाव्यावर फार विसंबलो. याच पेपरने २००४ मध्ये इराककडे महाविनाशक शस्त्रं असल्याच्या बातम्यांवरही अशीच कबुली दिली होती, तेव्हा चूक अमेरिकन सरकारच्या बाजूला झुकणारी होती.

त्यामुळे चॅनल शोधण्यापेक्षा बातमीत 'हे कोणी सांगितलं' तेवढं शोधा, पहिल्या काही तासांत तर नक्कीच. आणि एखादी बाजू स्वतःच्या तोट्याची गोष्ट कबूल करत असेल ना, तर ती सहसा खरी असते. अल जझीराला पैसा कतारचा आहे म्हणून त्यांचं गाझावरचं सगळं काम टाकाऊ होत नाही, पण कतारबद्दलची बातमी मात्र दुसरीकडे पण वाचा.

प्रश्न: युक्रेन रोज दिसतं, मग इथिओपियातलं टिग्रेचं युद्ध का दिसलं नाही?

उत्तर: एक कारण सरळ आहे, नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे फोन-इंटरनेट बंद केलं गेलं आणि पत्रकारांना आत सोडलंच नाही, चित्रच नाही तर टीव्ही दाखवणार काय. दुसरं कारण मात्र ऐकायला बरं वाटत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सीबीएस या अमेरिकन चॅनलचा बातमीदार कीव्हहून बोलताना म्हणाला की हे काही इराक-अफगाणिस्तान नाही, त्या मानाने सुसंस्कृत, युरोपियन शहर आहे. नंतर माफी मागितली त्याने, पण कुठलं युद्ध पहिल्या पानावर घ्यायचं हे ठरवणारे बरेच जण असाच विचार करत असावेत, फक्त कॅमेऱ्यासमोर बोलत नाहीत.