वाचकांचे प्रश्न : पेटंट आणि मुक्त सॉफ्टवेअर

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. हळद पॉलिशच्या ड्रमवरच्या मोटरचा करंट मोजून ड्रम आपोआप थांबवणारा प्रोग्राम आम्ही लिहिलाय. तो मुक्त परवान्यावर, म्हणजे कुणीही वापरावा आणि बदलावा अशा अटींवर, खुला करायचा आहे. उद्या दुसऱ्या कुणी त्यावर पेटंट घेतलं, तर आम्हालाच अडवतील का?

उत्तर : तुम्ही आधी आणि नीट जाहीर केलं असेल, तर त्याला पेटंट मिळायला नको, मिळालं तरी आव्हान देता येतं. मात्र नुसता कोड टाकून भागत नाही. पेटंट तपासनीस शब्दांवरून शोध घेतो, शेकडो ओळींचा प्रोग्राम उलगडत बसत नाही. म्हणून सोबत दोन पानांचं इंग्रजी वर्णन द्या : अडचण काय होती, करंट किती वेळाने मोजता, कोणत्या मर्यादेला माल पॉलिश झाला असं धरता, ड्रम कोणत्या क्रमाने थांबतो. करंटऐवजी आवाज किंवा वजनातली घट मोजूनही हे करता येईल, असे पर्यायही लिहा. ते सुटले की नेमक्या तेवढ्याच जागेवर दुसऱ्याचा अर्ज येतो. गिटमधली (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) कमिटची, म्हणजे नोंदीची, तारीख पुरावा म्हणून लंगडी आहे, कारण ती मागची टाकता येते. झेनोडो या संशोधन-साठ्यावर आवृत्ती चढवून डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) घ्या आणि पान वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात जतन करा.

हे करण्याआधी भागीदारांना विचारा. एकदा जाहीर केलं की सहसा तुम्हालाही भारतात त्यावर पेटंट मिळत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरच्या तयार परवान्यांपैकी अपाचे 2.0 किंवा जीपीएल 3 घ्या. एमआयटी या दुसऱ्या प्रचलित परवान्यात पेटंटचा उल्लेखच नाही. अपाचेत कोड देणारा आपल्या पेटंटचीही मुभा देतो आणि त्या कोडवरून पेटंटचा दावा ठोकणाऱ्याची मुभा संपते. अर्थात हे बंधन परवाना स्वीकारणाऱ्यांवर. बाहेरच्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नाही.

'भारतात सॉफ्टवेअरला पेटंट नाहीच' असं सांगणारे भेटतील. ते अर्धंच खरं. पेटंट कायद्याचं कलम 3(के) निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट नाकारतं. 2004 च्या अध्यादेशात ते सैल करायचा प्रयत्न झाला, 2005 मध्ये संसदेने तो भाग वगळला. पण 2019 च्या फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने तांत्रिक परिणाम दाखवणाऱ्या शोधांना वाट मोकळी ठेवली. प्रोग्रामवर चालणारा ड्रम नेमका या सीमेवर येतो. तेव्हा दर शुक्रवारी निघणारं पेटंट जर्नल चाळत राहा. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर सहा महिने पेटंट देता येत नाही. त्या काळात फॉर्म 7ए भरून कुणीही हरकत घेऊ शकतो.

प्रश्न : विट्याला आमच्या मागाच्या कंट्रोलरवर मुक्त सॉफ्टवेअर चालतं. 'तुम्ही आमच्या पेटंटचा भंग करता, पैसे भरा' असं पत्र आलंय.

उत्तर : घाईने उत्तर लिहू नका आणि पैशांचा शब्द कागदावर देऊ नका. पत्रात पेटंट क्रमांक नसेल तर तोच मागा. मग पेटंट कार्यालयाच्या इनपास या ऑनलाइन शोधात तो टाका. पेटंट भारताचं आहे का? अमेरिकेचं इथे लागू नाही. माल तिकडे पाठवत असाल तर मात्र लागेल. अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं झाली का? वार्षिक शुल्क थकलंय का? नंतर पेटंटमधला पहिला स्वतंत्र दावा (क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितलाय ते सांगणारं वाक्य) वाचा. त्यात पाच घटक असतील आणि तुमच्या यंत्रात चारच, तर शब्दशः भंग होत नाही. सारांश वाचून घाबरणारे बरेच असतात. हक्क दाव्यांवरून ठरतो. पत्र पोकळ निघालं तर पेटंट कायद्याच्या कलम 106 खाली बिनबुडाच्या धमकीविरुद्ध न्यायालयात जाता येतं.

खरी भीती खर्चाची. 2019 मध्ये जीनोम या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेवर तिच्या शॉटवेल या फोटो-प्रोग्रामवरून अमेरिकेत पेटंटभंगाचा खटला झाला, 2020 मध्ये मिटला. तिच्यामागे देणगीदार उभे राहिले. एकट्या प्रोग्रामरने आधीच मान तुकवली असती.

प्रश्न : मिरजेत स्टुडिओ आहे. संगणकावर फेडोरा ही लिनक्स प्रणाली टाकल्यापासून कॅमेऱ्याचे व्हिडिओ अडखळतात.

उत्तर : मशीन ठीक आहे. पेटंटच्या धास्तीने फेडोराने 2022 पासून एच.264 आणि एच.265 हे व्हिडिओ साठवण्याचे प्रकार उलगडण्याचं ग्राफिक्स कार्डकडचं काम बंद ठेवलंय, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर पडतो. आरपीएम फ्यूजन हा फेडोराबाहेरचा सॉफ्टवेअर-साठा जोडा, 'एफएफएमपेग-फ्री' ही व्हिडिओ हाताळणाऱ्या प्रोग्रामची छाटलेली आवृत्ती बदलून पूर्ण 'एफएफएमपेग' घाला. एएमडी कार्ड असेल तर तिथूनच मेसा या ग्राफिक्स सॉफ्टवेअरचा 'फ्रीवर्ल्ड' ड्रायव्हर लागेल. ग्राहकाला फाइल एच.264 मध्येच द्या. एव्ही1 हा नवा व्हिडिओ-प्रकार रॉयल्टीमुक्त असला तरी जुन्या टीव्हींवर चालत नाही.