जुन्या यामाहा ब्लास्टरची टॉर्स काढून टाकावी का? आणि रीड कुठले बसवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुळशीकडच्या शेतावर एक जुनी ब्लास्टर आहे, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाची चारचाकी एटीव्ही. किकला सुरू होते, आयडलला नीट उभी राहते, पण अंगठ्यानं जरा रेस दिली की अडखळते, मिसिंग करते. फिटर म्हणतोय, 'टॉर्स उपटून टाकू, रीड बदलू, मग बघा कशी पळते.' टॉर्स म्हणजे थ्रॉटल अडकला तर इंजिन तोडणारी सुरक्षा यंत्रणा, आणि रीड म्हणजे इंजिनात मिश्रण आत घेणाऱ्या झडपेच्या पत्त्या.

रीड खुशाल बदला. टॉर्सला हात लावायच्या आधी मात्र पाच मिनिटं थांबा, कारण तुम्ही सांगितलेलं लक्षण टॉर्सचंच आहे. म्हणजे ती बिघडली आहे असं नव्हे, बहुतेक तिला चुकीची खबर मिळते आहे.

टॉर्समध्ये दोन स्विच आणि एक इलेक्ट्रॉनिक युनिट असतं. एक अंगठ्याच्या लिव्हरच्या डबीत, दुसरा कार्बोरेटरच्या डोक्यावर. लिव्हर सुटलेला आहे आणि स्लाइड (कार्बोरेटरमध्ये केबलनं वर-खाली होऊन हवेची वाट उघडणारा तुकडा) मात्र वरच आहे असं दिसलं, की युनिट स्पार्क तोडतं. केबल अडकली किंवा स्लाइड चिखलानं धरली तर गाडी तुम्हाला घेऊन पळू नये, एवढाच हेतू. आता लिव्हरच्या डबीतला स्विच मातीनं जाम झाला असेल, तर तुम्ही रेस देताय हे युनिटला कळतच नाही. त्याला वाटतं स्लाइड आपोआप वर गेली. झालं, मिसिंग सुरू.

खात्री करायची तर गाडी न्यूट्रलला उभी करून युनिटचा सॉकेट तात्पुरता काढा. मिसिंग गेलं तर दोष स्विचमध्ये, वायरीत किंवा केबलच्या ढिलात आहे. नाही गेलं तर कार्बोरेटर आणि प्लगकडे वळा, टॉर्सचा काही संबंध नाही. पार्किंग ब्रेकचा स्विचही बघून घ्या. तो अडकला की याच्यासारखीच लक्षणं देतो आणि सगळे टॉर्सला शिव्या घालत बसतात. लिव्हरची डबी उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, केबलचा ढील नीट केला, एवढ्यावर बरंच काम होतं.

आता मी इतका का अडून बसलोय ते सांगतो. पौडजवळ मित्राच्या शेतावर अशीच एक ब्लास्टर आहे, तिची देखभाल मी करतो. त्याच्या हाती आली तेव्हा आधीच्या मालकानं टॉर्स काढलेलीच होती. एका जुलैत मित्र भातखाचरातून बाहेर येताना केबलमध्ये गाळ गेला आणि स्लाइड अर्ध्यावर अडकली. मोटरसायकलची मूठ निदान उलटी पिळता येते. इथं अंगठा सोडला की लिव्हर नुसता लोंबकळतो, मागे ओढायला काही हातातच नाही. त्यानं क्लच दाबला तर इंजिन मोकळं होऊन किंचाळायला लागलं. दचकून क्लच सुटला आणि गाडी बांधावर चढून आडवी झाली. मनगटावर निभावलं.

त्यानंतर आम्ही हँडलला दोरीचा किल स्विच लावला. दोरीचं दुसरं टोक मनगटाला, माणूस पडला की इंजिन बंद. तुम्हाला टॉर्स काढायचीच असेल तर हा स्विच आधी बसवा, मग पाना उचला.

आणि एक गोष्ट, जी बहुतेक गॅरेजवाले विसरतात. ब्लास्टरला ऑइल पंप आहे आणि तोही थ्रॉटलच्या केबलवरच चालतो. टॉर्स काढायच्या किटमध्ये कार्बोरेटरची नवी टोपी आणि सहसा एकेरी केबल येते. ती बसवली आणि पंप तसाच सोडला, तर फुल रेसलाही तेल आयडलपुरतंच जातं. गाडी दोन-चार दिवस झकास पळते आणि मग सीझ होते. एकेरी केबल लावलीत तर पंपाचा नाद सोडून टाकीतच तेल मिसळा. 32 ला 1 धरलं तर लिटरला साधारण 31 मिली.

आता रीड. हा माझा आवडता विषय, कारण माझी अर्धी हयात आरएक्स 100 च्या तेलकट सिलिंडरपाशी गेली आणि तिच्यात हेच तंत्र आहे. पिस्टन वर गेला की क्रँककेसमध्ये ओढ तयार होते आणि पत्त्या उघडून मिश्रण आत घेतात. पिस्टन खाली आला की मिटतात. मिटल्या नाहीत तर पेट्रोल कार्बोरेटरमधून बॅक मारतं, किक जड लागते आणि खालचा पिकअप मरतो.

म्हणून नवे रीड मागवण्याआधी जुने उघडून बघा. केज, म्हणजे पत्त्या बसवलेला साचा, उजेडासमोर धरा. पत्ती आणि बैठकीमधून उजेडाची रेघ दिसली, किंवा कोपरा तुटलेला, धागे सुटलेले दिसले, तर पत्त्या संपल्या. सगळं घट्ट बसत असेल तर नव्या रीडनं जादू होणार नाही, पैसे दुसरीकडे लावा. आणि त्यावरचे स्क्रू जपानी खाचेचे असतात, आपला साधा स्क्रूड्रायव्हर त्यांचं डोकं खातो.

बदलायच्याच असतील तर मी दुहेरी पत्तीचे फायबरचे रीड घेईन. जाड पत्तीला खिडकी असते आणि तिच्यावर पातळ पत्ती बसते. कमी रेसला पातळ उघडते, जोरात जाड. शेतावर, चढाला, चिखलात याचाच उपयोग. अख्खा केज बदलायचे महागडे प्रकार शर्यतीच्या इंजिनाला शोभतात. स्टीलच्या पत्त्या मी टाळतो. तुकडा तुटून आत गेला तर पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही ओरबाडतो. स्क्रूला थ्रेडलॉकचा थेंब आणि खाली नवा गॅस्केट, यात काटकसर नको. तिथून हवा खेचली तर बाकी सगळी मेहनत पाण्यात.

रीडनंतर जेटिंग, म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल सोडणाऱ्या जेटच्या भोकाचं माप, तपासायचंच. हवा वाढली की मिश्रण कोरडं पडतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. त्यात हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, तेही कोरडेपणाकडेच ढकलतं. उलट पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, हवा थोडी विरळ, त्यानं जरा तोल सावरतो. त्यामुळे परदेशी माणसाचा जेट नंबर बघून तोच टाकू नका. मेन जेट एक नंबर मोठा टाकून सुरुवात करा, नवा प्लग लावा, मोकळ्या पट्ट्यावर वरच्या गिअरमध्ये फुल रेस ओढा आणि तशीच क्लच दाबून खटक्यानं बंद करा. प्लग चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा हवा. पांढरा दिसला तर मिश्रण अजून कोरडं आहे, त्या दिवशी पुढे चालवू नका.

जेट आणायला नाना पेठेत जाल तेव्हा जुना जेट खिशात न्या. दुकानदाराला ब्लास्टर सांगून कळणार नाही, पण जेट तळहातावर ठेवलात तर आटे बघून डबा काढेल.