दोन आउटबोर्ड इंजिनं लावली की बोट खरंच जास्त भरवशाची होते का?

तुम्ही विचारलंय की २५ फुटी बोटीला ३०० हॉर्सपॉवरचं एकच आउटबोर्ड (बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायचं इंजिन) घ्यावं की १५०ची दोन, आणि दोन घेतली तर भर समुद्रात अडकायची भीती जाते का. आउटबोर्ड इंजिनं उघडणं-जोडणं हेच माझं काम आहे, म्हणून आधी उत्तर सांगतो. दोन इंजिनांनी भरवसा वाढतो, पण ती एकमेकांपासून पूर्ण वेगळी ठेवली तरच. टाकी एक, फिल्टर एक, बॅटरी एक आणि मागे इंजिनं दोन, अशी बोट असेल तर पैसे दोन इंजिनांचे जातात आणि भरवसा जेमतेम एकाचाच मिळतो.

हिशेबापुरतं समजा की एका फेरीत एक इंजिन बंद पडण्याची शक्यता १०० त १ आहे. दोन लावली की त्यातलं कुठलं तरी एक बंद पडण्याची शक्यता जवळजवळ १०० त २ होते, चार लावली तर जवळजवळ ४. म्हणजे एकूण बिघाड वाढतात, सर्व्हिसिंगचा खर्चही वाढतो. फायदा वेगळ्या ठिकाणी आहे : दोन्ही एकाच फेरीत बंद पडण्याची शक्यता १०,००० त १ वर येते. पण या आकड्याला अट अशी की एकाच्या बिघाडाचा दुसऱ्याशी काडीचाही संबंध नसावा. समुद्रावर ही अट फार सहज मोडते.

ती मोडणारी पहिली गोष्ट म्हणजे पेट्रोल. टाकीत दमटपणाने किंवा झाकणाच्या ढिल्या रबरातून पाणी जातं. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते थोडं पाणी शोषून धरतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र वेगळे होऊन तळाशी बसतात. शांत पाण्यात ते तिथेच पडून राहतं आणि इंजिनं गुमान चालतात. लाटा वाढल्या की टाकी घुसळून निघते, तळाचा गाळ आणि पाणी वर येतं आणि दोन्ही इंजिनं थोड्या अंतराने गचके खायला लागतात. तेही नेमकं खवळलेल्या समुद्रात. माझ्याकडे अशी बोट येते तेव्हा मी आधी फिल्टरमधलं पेट्रोल पारदर्शक बरणीत ओतून ठेवतो. थोड्या वेळात खाली वेगळा थर दिसतो, मध्ये स्वच्छ रेघ. दोन्ही फिल्टरच्या बरण्या शेजारी ठेवल्या तर थरही सारखेच निघतात. अशा वेळी बोटीवर चार इंजिनं असती तर चारही थांबली असती.

दुसरी गोष्ट वीज. आजच्या इंजिनांना पेट्रोलचा पंप, इंजेक्टर आणि कंप्युटर चालवायला सतत वीज लागते. दोन्ही इंजिनं एकाच बॅटरीवर असतील आणि तिचा एक टर्मिनल गंजून ढिला झाला, तर दोन्हींना एकदमच त्रास होतो.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही, ती म्हणजे हात. एकाच माणसाने, एकाच दिवशी, दोन्ही इंजिनांवर तेच काम केलं की एकच चूक दोन्हीकडे जाते. याचं सगळ्यात ठळक उदाहरण विमानाचं आहे. ५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचं ८५५ क्रमांकाचं विमान मायामीहून नासाऊला निघालं होतं. देखभालीत तिन्ही इंजिनांवर एक छोटी रबरी ओ-रिंग बसवायची राहिली होती. तिन्हीकडून ऑइल गळालं. एक इंजिन वैमानिकांनी बंद केलं, उरलेली दोन परतीच्या वाटेवर आपोआप थांबली. बंद केलेलं पहिलं इंजिन पुन्हा सुरू झालं, त्या एकावर विमान मायामीला उतरलं आणि सगळे वाचले. म्हणून समुद्रावर लांब जाणाऱ्यांना मी सांगतो, दोन्ही इंजिनांचे इम्पेलर (इंजिन थंड ठेवणारं पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबरी चाक) एकाच दिवशी बदलू नका. एकाचा बदला, चार-दोन फेऱ्या मारा, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार नीट पडतेय हे बघा, मग दुसऱ्याचा.

आता एक इंजिन बंद पडलंच, तर काय होतं? इथे बऱ्याच मालकांचा अंदाज चुकतो. दोन इंजिनांच्या बोटीला पंखे (प्रोपेलर) निवडताना दोन्ही मिळून पूर्ण आरपीएम (मिनिटाला फेरे) गाठतील असा पिच, म्हणजे पात्यांचा पीळ, घेतात. एकावर आख्खी बोट ओढायची वेळ आली की त्याच्यावर ताण येतो, थ्रॉटल कितीही दाबलं तरी आरपीएम चढत नाही आणि बहुतेक बोटी पाण्यावर उचलून घसरत धावतच नाहीत. मग वेग बोटीच्या लांबीवर ठरतो. पाण्यात टेकणारी लांबी २५ फूट असेल तर तो साधारण पावणेसात नॉट (तासाला तितके सागरी मैल). किनारा ३० सागरी मैलांवर असेल तर २५ नॉटने सव्वा तासात संपणारी वाट आता साडेचार तासांची होते, तीही हवा साथ देईल तर. मेलेलं इंजिन वर उचलून घ्या, नाहीतर त्याचा पाय पाण्यात ओढ देत राहतो. बोट एका बाजूला खेचेल, ती सुकाण्याने सांभाळावी लागते. तरीही साडेचार तासांनी घरी पोचणं आणि वाहत जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि दोन इंजिनांच्या बाजूने माझ्या दृष्टीने हाच सर्वांत मोठा मुद्दा.

सुट्या पंख्याबद्दल एक सांगतो. जोडीतलं एक इंजिन सहसा उलट्या फिरणीचं असतं, म्हणजे दोन पंख्यांची बाजूला खेचणारी ओढ एकमेकांना रद्द करते. त्यामुळे डाव्या इंजिनाचा पंखा उजव्याला चालत नाही. जवळ ठेवायचे तर दोन्ही फिरणींचे ठेवा.

वजनही बघा. १५०चं फोर-स्ट्रोक सुमारे २२० किलोचं असतं, ३००चं व्ही-सिक्स (सहा सिलिंडरचं) सुमारे २६०चं. म्हणजे जोडी घेतली की पावणेदोनशे-एकशेऐंशी किलो जास्त, आणि तेही नेमके मागच्या फळीवर. हल, म्हणजे बोटीचा सांगाडा, त्यासाठी बांधलेला नसेल तर मागची बाजू बसते आणि मागून येणारी लाट आत शिरते.

मोठ्या बोटींवर चार-पाच इंजिनं दिसतात ती मुख्यतः ताकदीसाठी. एका आउटबोर्डमधून मिळणाऱ्या हॉर्सपॉवरला मर्यादा होती, म्हणून संख्या वाढली. २०२१ मध्ये मर्क्युरीने ७.६ लिटरचं, ६०० हॉर्सपॉवरचं व्ही-ट्वेल्व्ह (बारा सिलिंडरचं) आउटबोर्ड आणलं, तेव्हापासून तेवढीच ताकद कमी इंजिनांत मिळू लागली. भरवशाच्या हिशेबाने दुसऱ्या इंजिनाने जे मिळतं, त्याच्या पुढे तिसऱ्या-चौथ्याने फार थोडं मिळतं.

तुमच्यासाठी माझं मत असं. किनारा नजरेच्या टप्प्यात ठेवून फिरणार असाल तर ३००चं एक घ्या आणि शेजारी १० हॉर्सपॉवरच्या आसपासचं छोटं इंजिन, स्वतःच्या वेगळ्या कॅनवर चालणारं. ते बोट जेमतेम पाच नॉटने नेईल, जोराच्या उलट्या वाऱ्यात त्याहूनही कमी, पण त्याचं पेट्रोल वेगळं आहे. प्रत्येक फेरीला ते पाच मिनिटं चालवा. महिनोन् महिने बंद राहिलेलं इंजिन गरजेला सुरू होत नाही. लांब जाणार असाल तर दोन १५० घ्या आणि दोन टाक्या, प्रत्येकीला पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर, दोन बॅटऱ्या, आणि एक बसली तर दुसरीवरून सुरू करता येईल असा मधला स्विच, एवढं सगळं त्याच वेळी बसवून घ्या. दोन्ही टाक्या एकाच पंपावर एकाच दिवशी भरू नका.

वापरलेली जोडी घेत असाल तर आधी दोन्हींच्या खालच्या गिअरचं ऑइल थोडं काढून बघा. दुधाळ निघालं तर सील गेलंय आणि आत पाणी आहे. पंखा काढून मागे शाफ्टला गुंडाळलेली मासेमारीची तंगूस आहे का तेही बघा, बहुतेक वेळा सील तीच कापते. मग बोट पाण्यात नेऊन एक इंजिन पूर्ण बंद करून वर उचलायला सांगा, फक्त दुसऱ्यावर पंधरा-वीस मिनिटं चालवा, वेग आणि आरपीएम लिहून घ्या. नंतर हेच उलट करा. दोन्ही वेळचे आकडे जवळपास सारखे आले नाहीत तर कारण समजेपर्यंत पैसे देऊ नका.