रंगांचा हिशेब वेगळा ठेव

पोरी,

वडिलांच्या पैशावर परदेशात राहून चित्रं काढते म्हणून तुला अपराधी वाटतंय. घरभाडं ते देतायत ना, देऊ देत. रंगांचा हिशेब तेवढा वेगळा ठेव.

मेरी कॅसॅट या अमेरिकन चित्रकर्तीचं बघ. पेनसिल्व्हेनियातल्या पैसेवाल्या घरची, १८६६ साली पॅरिसला गेली. तिथल्या सरकारी कलाशाळेचं दार बायकांना १८९७ पर्यंत बंदच होतं, म्हणून खासगी शिकवणी आणि लूव्र संग्रहालयात बसून जुन्या चित्रांच्या नकला. १८७७ मध्ये आईवडील तिच्याकडे राहायला आले. घर चालवायचे वडील, पण स्टुडिओचा खर्च स्टुडिओनंच काढायचा, हा त्यांचा हट्ट. लोक याला कंजूसपणा म्हणतात, मी म्हणत नाही. पोटासाठी बाजारू चित्रं काढावी लागतील, ही तिची धास्ती मात्र खरी होती, तुलाही वाटेल.

आता तिचे १८९१चे दहा रंगीत छाप घे, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर छापलेली चित्रं. त्याच्या आदल्या वर्षी तिनं पॅरिसमध्ये जपानी छापांचं प्रदर्शन पाहिलं होतं. एका चित्राला तांब्याचे तीन पत्रे, त्याहून जास्त नाहीत. पहिल्यावर सुईनं रेघा, त्याच बाकी दोघांवर उतरवायच्या. रंग हवा तिथं राळेची पूड भुरभुरून, पत्रा तापवून ती चिकटवायची, मग आम्लानं तेवढा भाग खरबरीत करायचा, म्हणजे तिथं शाई धरते. शाई प्रत्येक प्रतीसाठी नव्यानं, हातानंच. ओला कागद जरा ताणला गेला की दुसऱ्या पत्र्याचा रंग रेघेबाहेर सरकतो. सुईनं वर उठलेली तांब्याची कड दाबाखाली चेपत जाते, रेघ मवाळपणा सोडून रोड होते. तिनं प्रत्येक चित्र पंचवीस प्रतींवर थांबवलं. छपाईवाला जोडीला, दोघंही जीव तोडून राबायचे, तरी कधी कधी आठ तासांत आठ-दहाच प्रती निघायच्या.

सांग, यातलं काय वडिलांच्या पैशानं झालं असतं?

मग लाज कसली धरतेस? वही घाल. तांबं, कागद, शाई, छपाईवाल्याची मजुरी एका बाजूला, विक्री दुसऱ्या बाजूला. घरभाडं त्यात घुसडू नकोस. रंगांना पैसे कमी पडले तर लहान पत्रा घे, घरी पत्र टाकू नकोस. रागावलीस तरी चालेल, वही वेगळीच. आणि पंचवीस प्रतींची किंमत लावशील तेव्हा फुकट गेलेल्या प्रतींचा कागदही तीत धर. नवखे नेमकं तेच विसरतात.