एकही पुशअप निघत नाही, आणि वेळ तर नाहीच नाही

"मॅडम, मला एक सुद्धा पुशअप मारता येत नाही, जिमला जायला वेळ नाही, आता या वयात ताकद येणार तरी का?" हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो, आणि बहुतेक वेळा लोक आलेले असतात भलत्याच कारणासाठी, झोप नाही, चिडचिड होते वगैरे, आणि हे मधेच निघतं.

अशाच एक ताई (नाव अर्थातच सांगत नाही). वय 42, बँकेत नोकरी, राहायला भांडुप आणि ऑफिस अंधेरीला, म्हणजे लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो, संध्याकाळी तेच उलटं. घरी सासूबाई, नववीतला मुलगा. ऑफिसात कुणीतरी फिटनेस चॅलेंज काढलं, सगळ्यांसमोर ताई जमिनीवर गेल्या त्या छातीवरच आपटल्या, लोक हसले. हसण्यावारी नेलं त्यांनी पण, पण तेव्हापासून रोज रात्री सगळं आवरलं की बेडरूमचं दार लावून एक ट्राय मारायच्या. जमायचं नाही, आणि "माझ्याच्याने काहीच होत नाही" म्हणत झोपायला जायच्या. मग झोप कशी लागणार?

म्हटलं, ताई, हा व्यायाम नाहीये, ही परीक्षा आहे, तीही रोज, दिवसभर दमल्यावर आणि अभ्यास न करता. मी ट्रेनर नाही हे आधीच सांगितलं, ओळखीच्या फिजिओशी बोलून मग ठरवलं, आणि बीपी, खांदा डॉक्टरांकडून एकदा बघून घ्यायला लावलं.

मुळात जमिनीवरच्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनाचा साधारण 60 ते 65 टक्के भार हातांवर येतो. ताईंचं वजन 68 किलो, म्हणजे रोज रात्री त्या चाळीसेक किलो ढकलायला बघत होत्या, ते पण आयुष्यात कधी हाताचा व्यायाम न केलेल्या हातांनी! गुडघे टेकले की हाच भार शरीराच्या वजनाच्या साधारण निम्म्यावर येतो, आणि हात उंचावर ठेवले, म्हणजे ओटा, टेबल, तर आणखी कमी. जितकी उंची जास्त तितकं सोपं. म्हणून सुरुवात ओट्यापासून.

वेळेचं म्हणाल तर तालमीत जोर काढणाऱ्या पैलवानाकडे अख्खी सकाळ असते, आपल्याकडे कुकर आणि लोकल यांच्यामधली पाच मिनिटं. तेवढी पुरतात, खरंच. चहा ठेवला की ओट्याच्या कडेला हात, खांद्यापेक्षा जरा रुंद, पाय मागे, आणि 6 ते 8 वेळा. आणखी दोन निघतील असं वाटत असतानाच थांबायचं. चहा गाळून, डबा भरून परत एक सेट. सोम-बुध-शुक्र, बस. मधले दिवस स्नायूंना लागतात. रात्रीची ट्राय पूर्ण बंद, आणि ही अट त्यांना सगळ्यात जड गेली, कारण "मग कळणार कसं जमतंय की नाही?"

केबिनमध्ये भिंतीला हात लावून करून दाखवायला सांगितलं तर कोपरं दोन्हीकडे पंखासारखी बाहेर, कंबर पुढे पडलेली, आणि छातीच्या आधी हनुवटी भिंतीला. कोपरं थोडी अंगाकडे घेतली, पोट आणि कुल्हे आवळले, की त्याच भिंतीवर त्यांना पाचव्यालाच हात भरून आले. म्हणाल्या, "हे तर अवघड झालं!" झालं नाही, आत्ता कुठे सुरू झालं.

घरी दोन गोष्टी घडल्या. ओटा ओला होता, हात सटकला, नशिबाने लागलं नाही, तेव्हापासून आधी फडकं मारायचं. आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं, ओटा ढकलून शेजारच्यांच्या घरात नेतेस का काय!" आठवड्याभरात मात्र त्याच गॅसकडे लक्ष ठेवायला लागल्या.

पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू, नसा आणि स्नायू यांचं गणित जुळल्यामुळे, दंड फुगल्यामुळे नाही, त्यामुळे "हात जाड होतील" ही भीती सोडा. एका उंचीवर 12 चे तीन सेट नीट निघाले की एक पायरी खाली: ओटा, मग टेबल, मग पलंगाची लाकडी कड (गादीवर नको), मग पाट, मग जमीन. जोडीला, जमिनीवर चार-पाच सेकंद घेत हळूहळू खाली जायचं आणि गुडघे टेकून उठायचं. मनगट दुखलं तर घडी घातलेल्या टॉवेलवर मूठ ठेवून.

मधे पावसाळ्यात गाड्या बोंबलल्या, मुलाचा ताप, आठवडा बुडाला. ताईंना लगेच डबल करून भरून काढायचं होतं. नाही म्हटलं. जिथे सोडलं त्याच उंचीवर, दोन कमी करून सुरू. ते "30 दिवसांत 100 पुशअप" वाले चार्ट मला अजिबात आवडत नाहीत ते यासाठीच, एक दिवस हुकला की माणूस अख्खा चार्टच फाडतो.

सध्या ताई पाटावर आहेत. परवा मेसेज आला, "सहाव्याला कंबर लोंबते, काय करू?" मी लिहिलं, पाचवर थांबा, उरलेले पलंगावर काढा, आणि शेवटी 20 सेकंद प्लँक (म्हणजे अंग सरळ ताठ धरून नुसतं थांबायचं).