जळगावला राहतो, घरात गुळगुळीत टाइल्स आहेत. व्यायामासाठी योगा मॅट कोणती घ्यावी?

सूर्यनमस्कार, वृक्षासन असं उभ्यानं जास्त करणार असाल तर 6 मिमी जाडी पुरते. दुकानदार 10-12 मिमीची मऊ मॅट पुढे करतो, ती बहुतेक एनबीआर फोमची (कृत्रिम रबराचा मऊ फोम) असते. पोटाचे व्यायाम, स्ट्रेचिंग, दुखरे गुडघे यांना ती बरी; पण एका पायावर उभं राहिलं की पाऊल रुततं, तोल जातो. नखानंही फाटते.

आपल्या खान्देशात खरा प्रश्न घामाचा. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर, मग सकाळीसुद्धा तळहात ओलेच. स्वस्त, गुळगुळीत पीव्हीसी मॅटवर हात सरळ पुढे सटकतात. नैसर्गिक रबराच्या मॅटची पकड सगळ्यात भारी, पण ती मॅट जड, महाग, सुरुवातीला वास मारते आणि गच्चीवर उन्हात राहिली तर तडकते. मी तरी खरखरीत पृष्ठभागाची टीपीई (रबरासारखं लवचीक प्लास्टिक) मॅट घ्या म्हणेन. वर एक सुती पंचा टाकायचा.

(घरात जळगावची प्लास्टिक चटई असेलच. पंगतीला झकास, पण टाइल्सवर ती स्वतःच सरकते. व्यायामाला नको.)

लांबी साधारण 173 सेमी असते. उंची पाच फूट आठच्या वर असेल तर 183 ची मागा. ऑनलाइनपेक्षा दुकानात घ्या: फरशीवर अंथरून दोन्ही तळहातांनी जोरात पुढे रेटा, सरकली तर दुसरी दाखवायला सांगा. घरी आणल्यावर पातळ साबणाच्या पाण्यानं पुसायची, सावलीतच वाळवायची.